सरकारी वकिलांचा प्रमुख कोण, हे एकट्या सरकारनेच ठरवायचे का?

पूर्णेच्या कोर्टातला साधा खटला असो वा परभणीतला कोठडी मृत्यू, तुमची बाजू मांडणारी यंत्रणा एकाच खुर्चीकडे बघते. त्या खुर्चीवर बसणाऱ्याच्या नावाला उच्च न्यायालयाची संमती लागायची. नव्या कायद्यात ती अट नाही. ती परत का यायला हवी, ते समजून घेऊ.

समजा, पूर्णा तालुक्यात गोदाकाठच्या एका शेतातून रात्री विहिरीवरची मोटार चोरीला गेली. शेतकऱ्याने ठाण्यात फिर्याद दिली, पोलिसांनी तपास केला, आरोपी सापडला आणि दोषारोपपत्र पूर्णेच्या न्यायालयात गेले. आता या शेतकऱ्याचा वकील कोण?

बरेच जण म्हणतील, ज्याची त्याने वकील लावायचा. तसे नाही. फौजदारी खटल्यात फिर्यादीच्या बाजूने सरकार उभे राहते. मोटार शेतकऱ्याची, पण खटला 'महाराष्ट्र शासन विरुद्ध आरोपी' असा चालतो आणि तो चालवतो सरकारी वकील. कायद्याच्या भाषेत सहायक सरकारी अभियोक्ता. शेतकऱ्याने त्याला निवडलेले नसते, त्याची फी दिलेली नसते आणि अनेकदा त्याचे नावही शेतकऱ्याला माहीत नसते. तरी साक्षीदार कोण बोलवायचे, जामिनाला विरोध किती जोरात करायचा, आरोपी सुटला तर अपील करायचे की नाही, हे त्या वकिलाच्या आणि त्याच्या वरिष्ठांच्या हातात असते.

या वरिष्ठांच्या साखळीत सर्वांत वर बसतो तो 'अभियोग संचालक'. बातम्यांत हे पद क्वचितच दिसते. मंत्र्याचे खाते बदलले की ब्रेकिंग न्यूज होते, अभियोग संचालक बदलला तर चौकटीतही येत नाही. पण कोर्टाची पायरी चढलेल्या माणसाला खात्याच्या मंत्र्यापेक्षा हे पद जास्त जवळचे आहे.

नेमके काय बदलले?

१ जुलै २०२४ पासून देशात जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता, म्हणजे सीआरपीसी, गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे बीएनएसएस, लागू झाली. चर्चा झाली ती ३०२ चे १०३ कसे झाले, याची. अभियोग संचालकाच्या कलमातला बदल मात्र फारसा कुणाच्या नजरेत भरला नाही.

जुन्या संहितेतील कलम २५अ असे सांगत होते: अभियोग संचालक किंवा उपसंचालक व्हायचे तर वकिलीचा किमान १० वर्षांचा अनुभव हवा आणि ही नेमणूक उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या संमतीनेच होईल.

नव्या संहितेतील कलम २० असे सांगते: वकिलीचा किमान १५ वर्षांचा अनुभव हवा, किंवा ती व्यक्ती सत्र न्यायाधीश असावी वा पूर्वी राहिलेली असावी. मुख्य न्यायमूर्तींच्या संमतीचे वाक्य यात नाही.

म्हणजे अनुभवाची अट वाढली आणि बाहेरून तपासण्याची अट गेली.

इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही हा फरक लगेच कळेल. फायनल इयरचा प्रोजेक्ट कितीही चांगला असला, तरी व्हायव्हाला दुसऱ्या कॉलेजचा एक्स्टर्नल येतोच. आपला गाईड आपल्याला ओळखत असतो, त्याच्यावर कुणाचा अविश्वास नसतो. तरी मार्कशीटवर एक सही बाहेरच्या माणसाची लागते. नव्या कलमाने प्रोजेक्टचा दर्जा वाढवायला सांगितला आणि एक्स्टर्नलला घरी पाठवले.

नव्या कायद्यात चांगले काही नाही का?

आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. कलम २० ने प्रत्येक जिल्ह्यात 'जिल्हा अभियोग संचालनालय' उभारण्याची वाट मोकळी केली. कामाची वाटणीही आता कायद्यातच लिहिली आहे.

• सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेचे गुन्हे: देखरेख सहायक संचालकाची. आपल्या उदाहरणातली मोटारचोरी इथे बसते. भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

• सात ते दहा वर्षांच्या आतले गुन्हे: पोलिसांचा अहवाल तपासणे आणि खटल्यावर लक्ष ठेवणे हे काम उपसंचालकाचे.

• दहा वर्षे किंवा त्याहून जास्त, जन्मठेप किंवा फाशीचे गुन्हे: देखरेख थेट संचालकाची. खून आणि बलात्काराचे खटले यात येतात. अपील दाखल करावे की नाही, यावर मत देण्याचे कामही संचालकाचेच.

जिल्हा न्यायालयांतले सरकारी अभियोक्ते या उपसंचालक वा सहायक संचालकांच्या हाताखाली आणि हे सगळे संचालकाच्या हाताखाली, अशी उतरंड आहे. पूर्वीपेक्षा ही मांडणी स्पष्ट आहे.

पण अधिकार जितके वाढतात, तितका तो अधिकार कुणाला देतोय हे तपासणे जास्त गरजेचे होते. इथे उलट झाले. संचालकाचे काम आणि वजन वाढले, आणि त्याच वेळी त्याच्या नेमणुकीवरची एकमेव बाहेरची नजर काढून घेतली गेली.

एकमेव कशी? गृह विभाग आहे ना!

अडचण तिथेच आहे. कलम २० नुसार अभियोग संचालक राज्याच्या गृह विभागाच्या प्रशासकीय नियंत्रणाखाली काम करतो. पोलिसही गृह विभागाकडेच आहेत. तपास करणारा आणि तो तपास कोर्टात टिकेल का हे पाहणारा, दोघांच्या फायली एकाच छताखाली फिरतात.

जुन्या कायद्यातही गृह विभागच होता. पण तिथे निदान नेमणुकीच्या वेळी एक खिडकी बाहेर उघडत होती. आता तीही बंद आहे.

पोलिस आणि अभियोग वेगळे असावेत, ही मागणी आजची नाही. एम. सी. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या विधी आयोगाने १९५८ च्या १४ व्या अहवालात हेच सांगितले होते. १९७३ च्या संहितेने कनिष्ठ न्यायालयांत स्वतंत्र सहायक सरकारी अभियोक्ते नेमायला सांगितले. महाराष्ट्रात काय झाले? पूर्वीच्या पोलिस अभियोक्त्यांनाच नवे पदनाम मिळाले, पण ते पोलिस खात्याच्या नियंत्रणातून सुटले नाहीत. पाटी बदलली, साहेब तेच राहिले.

त्याविरुद्ध हे अभियोक्तेच सर्वोच्च न्यायालयात गेले. 'एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र शासन' या १९९५ च्या निकालात न्यायालयाने राज्याला सांगितले की, या अभियोक्त्यांना पोलिस खात्यातून बाहेर काढा, त्यांचा स्वतंत्र विभाग करा आणि त्या विभागाचा प्रमुख थेट राज्य सरकारला जबाबदार ठेवा. म्हणजे पोलिस आणि अभियोग यांच्यात भिंत हवी, हा धडा देशाला ज्या खटल्यातून मिळाला तो महाराष्ट्राचाच होता. त्या भिंतीची डागडुजी करायची जबाबदारी आपल्यावर इतरांपेक्षा थोडी जास्त आहे.

परभणीकरांना हे का माहीत असायला हवे?

कारण ही भिंत नसली तर काय प्रश्न उभे राहतात, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली. अटक झालेल्यांपैकी ३५ वर्षांच्या एका कायद्याच्या विद्यार्थ्याचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मृत्यू झाला.

पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका ठेवला गेला. ४ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकारने त्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. ३० जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले.

दोषी कोण, हे न्यायालय ठरवेल. त्यावर इथे मत देण्याचे कारण नाही. पण रचनेकडे बघा. आरोप पोलिसांवर आणि पोलिस गृह विभागाचे. अशा प्रकरणात उद्या खटला उभा राहिला, तर त्यावर देखरेख ठेवणारा अभियोग संचालकही गृह विभागाच्याच नियंत्रणाखालचा. तो माणूस कितीही सचोटीचा असो, मृताच्या आईच्या मनात शंका येणारच. तिला 'या माणसाला फक्त सरकारने नाही, उच्च न्यायालयानेही तपासून घेतले आहे' एवढे तरी सांगता आले पाहिजे. आज कायदा तिला एवढेही सांगू शकत नाही.

महाधिवक्ता तर आहेत, ते पुरेसे नाहीत का?

महाधिवक्ता म्हणजे अॅडव्होकेट जनरल हे घटनेच्या अनुच्छेद १६५ नुसारचे पद. राज्यपाल त्यांची नेमणूक करतात. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याइतकी पात्रता लागते. ते सरकारला कायद्याचा सल्ला देतात आणि मोठ्या प्रकरणांत सरकारची बाजू मांडतात. पूर्णेच्या कोर्टातल्या रोजच्या खटल्यांशी त्यांचा थेट संबंध नसतो.

शिवाय ते पद राज्यपालांची, म्हणजे व्यवहारात सरकारची मर्जी असेपर्यंतचे. मराठवाड्याला हे नव्याने सांगायला नको. मार्च २०१६ मध्ये तत्कालीन महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी जालन्यात स्वतंत्र मराठवाड्याच्या बाजूने वक्तव्य केले, वादळ उठले आणि दोन-तीन दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. त्यांची भूमिका पटो न पटो, त्या पदाची मुळे किती उथळ जमिनीत असतात हे तेव्हा दिसले. सरकारच्या सल्लागाराचे तसे असणे एक वेळ समजण्यासारखे आहे. सरकार आणि वकील यांचे पटले नाही तर वकील बदलणारच. पण अभियोग संचालक हा सरकारचा खासगी वकील नाही. गुन्हा झालेल्या प्रत्येक घराचा तो वकील आहे.

बाहेरच्या देशांत काय करतात?

अमेरिकेत न्याय विभागाचा प्रमुख म्हणजे अॅटर्नी जनरल. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, पण सिनेटने मंजुरी दिल्याशिवाय तो खुर्चीवर बसत नाही. त्याआधी समितीसमोर जाहीर सुनावणी होते, टीव्हीवर सगळा देश प्रश्नोत्तरे बघतो.

ही पद्धत आदर्श आहे असे मुळीच नाही. डोनाल्ड ट्रम्प यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये आधी मॅट गेट्झ यांचे नाव सुचवले. त्यांच्या स्वतःच्या पक्षातही पुरेसा पाठिंबा जमेना, तेव्हा गेट्झ यांनी माघार घेतली. मग पाम बॉन्डी यांचे नाव आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ५४ विरुद्ध ४६ मतांनी मंजूर झाले. मतदान जवळपास पक्षाच्या रेषेवरच झाले. म्हणजे सुनावणीने राजकारण संपत नाही. पण एक नाव गळाले, हेही खरे.

सुनावणीचा खरा उपयोग दुसऱ्या एका गोष्टीत दिसतो. मार्च २०१५ मध्ये सॅली येट्स यांची डेप्युटी अॅटर्नी जनरल पदासाठी सुनावणी सुरू होती. सिनेटर जेफ सेशन्स यांनी त्यांना विचारले की, राष्ट्राध्यक्षांनी चुकीचे काही करायला सांगितले तर तुम्ही नाही म्हणाल का? कायदा आणि राज्यघटना पाळणे हीच आपली जबाबदारी असेल, असे उत्तर येट्स यांनी दिले. जानेवारी २०१७ मध्ये त्या हंगामी अॅटर्नी जनरल असताना ती वेळ खरोखर आली. सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी करणाऱ्या आदेशाचे समर्थन करायला त्यांनी नकार दिला. त्यांना तत्काळ काढून टाकण्यात आले. पण दोन वर्षांपूर्वी सगळ्यांसमोर दिलेला शब्द नोंदीत होता आणि जगाने तो पुन्हा काढून वाचला.

भारतात अशी पद्धत कुठेच नाही?

आहे, पण दिल्लीत. सीबीआयच्या संचालकाची निवड पंतप्रधान, लोकसभेतील विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश (किंवा त्यांनी नेमलेले सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश) यांची समिती करते. सीबीआयच्या अभियोग संचालकाची नेमणूक केंद्रीय दक्षता आयोगाच्या शिफारशीने होते आणि त्याला किमान दोन वर्षांचा कालावधी मिळतो. १९९७ च्या 'विनीत नारायण' निकालात सर्वोच्च न्यायालयाने अभियोगासाठी सचोटीच्या माणसांची निःपक्ष यंत्रणा उभी करा, असे सांगितले होते. त्यानंतरच्या वर्षांत हे नियम आले.

म्हणजे सीबीआयच्या खटल्यासाठी तपासून घेतलेला प्रमुख आणि पूर्णा ठाण्यातल्या गुन्ह्यासाठी मात्र सरकार म्हणेल तो. हा फरक करण्याचे कारण काय? देशातले बहुतेक गुन्हे तर राज्यांचे पोलिसच तपासतात.

आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप असा की, ज्या न्यायालयासमोर वकील उभा राहणार, त्याच न्यायालयाने त्याच्या प्रमुखाच्या नेमणुकीत का पडावे? न्यायालयाने तटस्थ राहायला हवे. आक्षेप वजनदार आहे. पण संमती म्हणजे निवड नव्हे. नाव सरकारच सुचवेल. मुख्य न्यायमूर्ती फक्त एवढेच पाहतील की हा माणूस या कामाला लायक आणि स्वतंत्र आहे का. जुना कायदा १८ वर्षे या अटीसह चालला, त्याने न्यायालयांची तटस्थता गेल्याचे दिसले नाही.

दुसरा आक्षेप, संमतीची अट होती तेव्हा तरी सगळे आलबेल होते का? नव्हते. तारखा तेव्हाही पडत होत्या, साक्षीदार तेव्हाही फुटत होते. एका सहीने खटले जलद होत नाहीत. पण गळती आहे म्हणून छप्परच काढून टाकत नाहीत.

तिसरा आक्षेप, यात वेळ जाईल आणि पद रिकामे राहील. यावर उपाय सोपा आहे. ठरावीक मुदतीत उत्तर द्यायचे, असा नियम करता येतो.

मग करायचे काय?

आमची भूमिका स्पष्ट आहे. महाराष्ट्राच्या अभियोग संचालकपदासाठी सरकार जे नाव सुचवेल, त्याला मुख्य न्यायमूर्तींची संमती घेऊनच नेमावे. यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहायची गरज नाही. कलम २० मध्ये संमतीची सक्ती नाही, पण बंदीही नाही. सरकारने ठरवले तर एका शासन निर्णयाने ही प्रथा उद्या सुरू होऊ शकते.

कायमस्वरूपी उपायही आहे. फौजदारी प्रक्रिया हा विषय समवर्ती सूचीत येतो. अनुच्छेद २५४(२) नुसार राज्य विधिमंडळ कलम २० मध्ये दुरुस्ती करू शकते, तिला राष्ट्रपतींची मान्यता लागते. सोबत दोन गोष्टी जोडाव्यात. सुचवलेल्या व्यक्तीचे नाव आणि तिचा अनुभव नेमणुकीपूर्वी जाहीर करावा. आणि सीबीआयप्रमाणे किमान दोन वर्षांचा कालावधी द्यावा, म्हणजे एखादे गैरसोयीचे मत दिले म्हणून बदली होणार नाही.

सरकारला हे बंधन वाटू शकेल. खरे तर यात सरकारचाही फायदा आहे. परभणीसारख्या प्रकरणात सरकारने कोणतीही भूमिका घेतली तरी लोक संशयाने बघतात. संमती घेऊन नेमलेल्या संचालकाचे मत असेल, तर 'आपल्याच माणसाकडून हवे ते लिहून घेतले' हा आरोप टिकणार नाही.

सर्वांत मोठा फायदा त्या खुर्चीवर बसणाऱ्याचाच आहे. मंत्रालयातून फोन आला की 'हे अपील राहू द्या', तर नाही म्हणायला माणसाला पाठीशी काहीतरी लागते. फक्त सरकारच्या मर्जीने आलेल्याला ते नसते. मुख्य न्यायमूर्तींनी तपासून होकार दिलेल्या माणसाला ते असते. संमतीला आपण अडथळा समजतो, पण चांगल्या माणसासाठी ती ढाल आहे. म्हणून सरकारने सुचवलेले नाव या कसोटीला उतरले, तर ते कोणत्या सरकारने सुचवले हे न बघता सगळ्यांनी त्याला पाठिंबा द्यावा.

पूर्णेच्या कोर्टात तारखेला आलेल्या शेतकऱ्याला कलम २० माहीत नसते आणि ते माहीत असण्याची गरजही नाही. बाकावर बसून तो एवढेच बघत असतो की काळ्या कोटातला जो माणूस आपल्यासाठी उभा राहिला आहे, तो खरेच आपल्यासाठी उभा आहे का. त्याचे उत्तर 'हो' असावे, याची सुरुवात त्या वकिलाच्या प्रमुखाच्या नेमणुकीपासून होते.